मागच्या दारचा घाट

टाच कशाला तरी चिकटली म्हणून गौतमने खाली पाहिलं, तर तो लाल रंगावर उभा होता. तोंडात ब्रश, खांद्यावर टॉवेल, डोळ्यांत अजून झोप, आणि मागच्या दाराबाहेरच्या पहिल्याच पायरीवर हातभर लांबीची लाल फुली. फुलीच्या एका तंगडीवर आता त्याच्या टाचेचा ठसा उमटला होता. त्याने पाय भिंतीला घासला. रंग भिंतीलाही लागला आणि टाचेलाही राहिला. टर्पेंटाइनचा वास त्याने लगेच ओळखला. तो डबा त्याच्याच सरकारी ऑफिसच्या कपाटातून निघाला होता. पाण्याखालच्या पायरीवर रंग धरत नाही, अगदी वरच्या कोरड्या पायरीवर मारा, म्हणजे फुली पुसली गेली असं कोणी म्हणणार नाही, हे त्या दोन पोरांना त्यानेच शिकवलं होतं. पोरांनी अगदी शिकवल्यासारखं काम केलं होतं.

"पोट्टे येऊन गेले तुह्या हापिसातले," खालून आई म्हणाली. कांताबाई तलावात घुसलेल्या ओट्याच्या टोकाला पाण्यात पाय सोडून बसली होती आणि खापराने टाच घासत होती. हे तिचं रोजचं. घरात नळ आला, मग बाथरूम झालं, मग गिझर लागला, पण ती आंघोळीला इथेच. "चिखलातून आले. मले म्हने, अम्मा, सरको." गौतमने ब्रश तोंडातून काढला. "मग?" "मंग काय? मी काहून सरकू? मी आंघोय करून राहिली का नाही? मंग पायरीवर मारला त्याइनं रंग." एवढं बोलून तिने दुसरी टाच घ्यायला घेतली. फुली म्हणजे हे बांधकाम तोडायचं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिने विचारलंही नाही. गौतमला तिच्या पाठीचा राग आला. तिच्या ओल्या लुगड्याचा, खापराच्या त्या खर्र खर्र आवाजाचा, आणि सगळ्यात जास्त आपल्या अक्षराचा, कारण ज्या नियमाने ही फुली आली होती तो नियम पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत त्याच्या अक्षरात लिहिला गेला होता.

राज्य नवं होतं, राजधानी नवी होती, आणि राजधानी झाल्याबरोबर रायपूरला आपल्याकडे तलाव आहेत याची आठवण झाली होती. इतकी वर्षं तलाव म्हणजे म्हशी, कपडे, गणपती आणि शेवाळं. आता तलाव म्हणजे 'व्ह्यू' झाला. चौबे कॉलनीतले, समता कॉलनीतले पैसेवाले लोक पाण्याकाठच्या जमिनी शोधू लागले. अभनपूरच्या रस्त्याला एका ठेकेदाराने जलाशयाला लागून बंगला बांधला आणि बंगल्यापासून पाण्यात लांबच लांब लाकडी जेट्टी काढली. तिच्या टोकाला छत्री, छत्रीखाली वेताच्या खुर्च्या आणि एक बोट. तिथे मोजमाप घ्यायला गौतम गेला तेव्हा पहारेकऱ्याने त्याला फाटकाबाहेर उन्हात उभं केलं. आतून निरोप आला की साहेब नाश्ता करत आहेत. गौतम टेप हातात धरून उभा राहिला. जेट्टीच्या पलीकडे दोन कोळी जाळं घेऊन यायला लागले तर त्यांना कुत्रं सोडून हाकललं. त्याच आठवड्यात ऑफिसच्या साहेबांनी बोलावून सांगितलं, "मेश्रामजी, निजी घाटों के लिए नियम बनाना है, आप ड्राफ्ट कीजिए," आणि गौतम रात्रंदिवस त्याच कामाला लागला. नोकरीतली सगळी वर्षं त्याने दुसऱ्यांनी लिहिलेल्या कागदांवर मापं चढवण्यात घालवली होती. हे पहिलं काम त्याचं स्वतःचं. पाणी कोणाच्या बापाचं नाही, हे सरकारी हिंदीत कसं लिहायचं याचा त्याने खूप विचार केला आणि शेवटी लिहिलं की कोणत्याही तलावाच्या पाण्यात गेलेलं खाजगी बांधकाम एकतर सर्वांसाठी खुलं राहील, त्याला फाटक किंवा कुलूप असणार नाही, जात-पात-लिंग बघून कोणालाही मनाई होणार नाही, स्नान करणाऱ्या कोणालाही उठवता येणार नाही, नाहीतर ते बांधकाम मालकाने तोडावं. 'उठवता येणार नाही' हे वाक्य साहेबांना जरा विचित्र वाटलं. "ये उठाने वाली बात क्यों डाली?" त्यांनी विचारलं. "रहने दीजिए सर," गौतम म्हणाला. साहेब हसले आणि ते वाक्य राहिलं.

ते वाक्य कुठून आलं हे साहेबांना सांगायची गरज नव्हती. गौतम शाळेतही जात नव्हता तेव्हाची गोष्ट. त्याचे बाबा, हरिदास मेश्राम, भंडाऱ्याहून येऊन वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात खलाशी, म्हणजे मदतनीस, म्हणून लागले आणि तलावाकाठच्या ह्या पाऱ्यात, ह्या मोहल्ल्यात, त्यांनी जागा घेतली. पाऱ्यात दोन घाट होते, बायांचा आणि पुरुषांचा. पलीकडे म्हशी धुवायची जागा होती, तिला घाट म्हणत नसत. एका रविवारी सकाळी हरिदास गौतमला खांद्यावर घेऊन पुरुषांच्या घाटावर उतरले. गौतमला त्या सकाळचं फार थोडं आठवतं. साबणाचा वास, बाबांच्या केसांतून गळणारं पाणी, आणि वरच्या पायरीवर जानव्याशी चाळा करत उभे असलेले बाबाराव. बाबाराव म्हणजे शेजारचे, ते विदर्भातलेच, मराठीच. परक्या मुलखात मराठी माणूस भेटला म्हणून हरिदासांनी आल्या आल्या त्यांच्याकडे पेढे नेले होते. ते पेढे ओट्यावर ठेवून घेतले गेले. "हरिदास, उठ," बाबाराव म्हणाले. आवाज चढवला नाही. "इथं नाही. तिकडं जा, म्हशीच्या बाजूले." हरिदास कमरेएवढ्या पाण्यात होते. नागपूरला दीक्षा घेऊन त्यांना काही वर्षं झाली होती आणि ती गोष्ट ते सगळ्यांना सांगत. तीच त्यांनी बाबारावांना सांगितली, आम्ही आता ते नाही राहिलो म्हणून. "तुम्ही धर्म बदलला," बाबाराव म्हणाले, "पाणी थोडंच बदलते." आजूबाजूला हसले लोक. वाईट हसले असंही नाही, ज्याला बोलता येतं अशा माणसाच्या बोलण्याला हसतात तसं. घाटावर आणखी बरेच जण आंघोळ करत होते आणि सगळे पाण्यातच राहिले. एकटे हरिदास उठले. साबण अंगावर तसाच होता. तो घरी येईपर्यंत वाळून पांढरा झाला आणि त्यांच्या खांद्यावर बसलेल्या गौतमच्या मांड्यांना दिवसभर खाज सुटली.

त्यानंतर प्रत्येक रविवारी हरिदासांनी मागच्या दाराबाहेर दगड आणून टाकले. त्यांच्या घरामागे काठ नव्हता, नुसता चिखल होता. पाय टाकला की गुडघ्यापर्यंत आत. म्हणून तर ती जागा स्वस्तात मिळाली होती. चिखलातून पायऱ्या उतरवायच्या आणि मग चिखल संपेपर्यंत पाण्यात पुढे जायचं, असा त्यांचा हिशेब. रेल्वेने लिलावात काढलेले, रुळांखालचे जुने साल लाकडाचे स्लीपर त्यांनी घेतले, बैलगाडीतून आणले, दगडांच्या खांबांवर आडवे टाकले आणि रुळांचे जुने खिळे ठोकून एक ओटा केला, सरळ तलावात घुसलेला. कारखान्यातले मित्र येऊन हात लावत. पाऱ्यातलं कोणी आलं नाही. ओटा झाला त्या दिवशी हरिदास त्याच्या टोकाला बसले आणि इतका वेळ आंघोळ करत राहिले की कांताबाईने भाकरी तिथे नेऊन दिली. मग त्यांनी पायऱ्यांच्या वरच्या तोंडाला लोखंडी फाटक लावलं. ते कशाला, असं कांताबाईने विचारलं होतं म्हणे. आपल्याकडे थोडंच कोणी येणार आहे आंघोळीला. "येतीन," हरिदास म्हणाले होते, "अन् येतीन तवा माह्या हातात राहीन." फाटकाची कडी ते गेल्यावरही रोज रात्री लागत होती. गौतमने फाटकाविरुद्ध नियम लिहिला तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर ठेकेदाराचं फाटक होतं, पहारेकरी होता, कुत्रं होतं. ह्या फाटकाचं त्याच्या मनातही आलं नाही. रोज ज्यातून ये-जा करतो ते फाटक माणसाला फाटक वाटत नाही. आता ठेकेदाराने कोर्टातून स्थगिती आणली होती आणि छत्रीखालच्या वेताच्या खुर्च्या शाबूत होत्या. पहिली फुली इथे बसली होती.

साहेबांना फोन लावला तर त्यांच्या आवाजात समजूत घालण्याची ती खास गोडी होती. तुमच्याच पाऱ्यातून तक्रार आली आहे, उन्हाळ्यातच आली होती, सहीनिशी. ती दाबून ठेवता आली असती, पण नियम बनवणाऱ्याचंच घर सोडलं तर अखबारवाले सोडणार नाहीत. "आप तो समझदार हैं मेश्रामजी. गेट निकाल दीजिए, बस. घाट बच जाएगा. सोमवार तक." आज शुक्रवार होता. गौतमने फोन ठेवला. रुचिता, त्याची मुलगी, कॉलेजला निघता निघता दारात थांबून सगळं ऐकत होती. तिची आई क्षमा माहेरी गोंदियाला गेली होती, म्हणून घरात बोलायला तीच. "तो खोल दो ना पापा," ती म्हणाली. "क्या फर्क पड़ता है? आजकल कौन नहाता है तालाब में!" "तुही आजी न्हाते." "तो दादी को कौन रोक रहा है?" गौतमचा एवढा संताप झाला होता की मुलीशी मराठीत बोलावं की हिंदीत हेही त्याला सुचेना. तिला मराठी सगळी कळते, पण उत्तर हिंदीत येतं, आणि कधीकधी त्याला वाटतं की हेच बरं, हिला बाबाराव काय म्हणाले ते भाषेसकट कळणार नाही.

तक्रार कोणाची हे विचारायचीही गरज नव्हती. बाबाराव कधीच गेले होते. त्यांच्या घरात त्यांचा मुलगा अनंतराव राहत होता, मंत्रालयातून नाही पण त्याच्या खालच्या कुठल्याशा खात्यातून निवृत्त झालेला. त्या रविवारी तोही पाण्यात होता, ऐन पंचविशीतला. हसलेल्यांत तो होता की नाही हे गौतमला आठवत नाही. इतकी वर्षं त्याने स्वतःला हे विचारलं आणि प्रत्येक वेळी त्याला अनंतराव हसताना दिसला. महाराष्ट्र मंडळात गणपतीला दोघं एकमेकांना नमस्कार करत. अनंतरावाची बायको शांताबाई कधीमधी कुंपणावरून कढीपत्ता मागायची, कांताबाई द्यायची, आणि शांताबाई तो पदरात झेलायची, हातात हात लागू न देता. बाई गोड होती. तेवढंच झेलणं सोडलं तर तिच्याविरुद्ध बोलायला काही नव्हतं. ती मागच्या आठवड्यात गेली. गौतम तिच्या अंत्ययात्रेत नाक्यापर्यंत गेला होता आणि मग ऑफिसला वळला होता.

तो अनंतरावाच्या घरात शिरला तेव्हा अनंतराव भिंतीला टेकून घोंगडीवर बसला होता. दाढीची खुंटं वाढली होती आणि डोळे सुजले होते. पुतण्या दिवाकर कोपऱ्यात दर्भ निवडत बसला होता. मेल्या घरी भांडायला आलेल्या माणसाला बसायला कोण सांगणार, पण दिवाकरने खुर्ची सरकवली. गौतम बसला नाही. "तक्रार तुम्ही केली," तो म्हणाला. "हो, केली," अनंतराव म्हणाला, जणू कोणी त्याला वेळ विचारली होती. "शांता जित्ती होती तवाच केली. पुऱ्या तलावावर तुह्या एकट्याचा हक्क आहे काय? तुह्या बापानं पाण्यात ओटा घातला, कोनं इचारलं? आम्ही कधी काही म्हटलं?" गौतमच्या कानात रक्त चढलं. काही म्हटलं नाही! तो ओटा का घातला ते याला माहीत नाही काय? माहीत होतं. त्याच्या डोळ्यांत ते अगदी स्वच्छ दिसत होतं, आणि ते गौतमला दिसतं आहे हेही त्याला कळत होतं. म्हणूनच पुढचं वाक्य तो भिंतीकडे बघून बोलला. "पाऱ्याचे दोन्ही घाट खोदून ठेवले सरकारनं सौंदर्यीकरणासाठी. पत्रे लावले. बायकांच्या बाजूले तर पायच ठेवता येत नाही. रविवारी दहावं आहे. इथली रीत तुले माहीत आहे, नहावन, दहाव्याची आंघोळ, आपल्या तलावावरच करावं लागते, ज्याचं पाणी तिनं जन्मभर भरलं. पुरा पारा येईन. पाण्यापर्यंत जाणारी जागा आता एकच राहिली. तुह्याच नियमाप्रमानं मागून राहिलो. उपकार नाही मागत."

गौतमने तिथे बरंच काही बोलायचं ठरवलं होतं, वाक्यं जुळवूनच तो आला होता. समोर बायको मेलेला माणूस घोंगडीवर बसलेला, आणि त्याच्या मागे भिंतीवर हार घातलेला बाबारावांचा फोटो, तेच जानवं, तोच हात. एक आठवडा ज्याने रडून काढला त्या माणसाचा तिरस्कार करायला फार ताकद लागते. गौतमकडे ती होती. "तोडून टाकीन," तो म्हणाला. "सब्बल घेऊन माह्या हातानं तोडीन, पन तुमच्यासाठी खोलनार नाही." "तोड," अनंतराव शांतपणे म्हणाला. "मंग कोनालेच नाही. तेही चालते." हे ऐकून दिवाकरने दर्भ खाली ठेवला आणि काकाकडे पाहिलं, पण अनंतरावाने डोळे मिटून घेतले होते.

दिवसभर ऑफिसात गौतम फाइलींवर डोकं खुपसून बसला आणि मनातल्या मनात ती सब्बल, ती लोखंडी पहार, चालवत राहिला. पहिला घाव कुठे घालायचा, खिळा कुठून सैल होईल, सगळं त्याला ठाऊक होतं. लहानपणी त्या ओट्यावर पालथं पडून फटींतून खालच्या पाण्यात थुंकायचा त्याला नाद होता. सालाच्या लाकडाला तेव्हा डांबराचा वास यायचा. अनंतरावाने 'तोड' म्हटलं नसतं तर कदाचित तोडला असता. आता तोडणं म्हणजे त्याचंच ऐकणं. खोलणं म्हणजेही त्याचंच ऐकणं. चारही बाजूंनी आपणच कलमं घालून आपल्याला कोंडलं आहे असं त्याला वाटलं, आणि कोंडणाऱ्याचा राग करावा तर तो आरशात दिसत होता. संध्याकाळी घरी आला तर आई तांदूळ निवडत होती. त्याने तिला सगळं सांगितलं. फुली, तक्रार, दहावं, फाटक, आपण काय लिहिलं ते. ती निवडत राहिली. "सोमवारपर्यंत फाटक काढलं नाही तर बाबांचा ओटा जाते," तो म्हणाला. "तूच सांग आता." "त्यात अजून काय लिवलं?" तिने विचारलं. "कोनाले उठवता येनार नाही, असं म्हनला ना तू?" "लिहिलं." "कोनालेच?" "कोनालेच." कांताबाईने सूप आपटून खडे बाहेर टाकले. "मंग काढ फाटक," ती म्हणाली.

फाटक त्याने शनिवारी काढलं. बिजागऱ्या गंजून एकजीव झाल्या होत्या. हातोडा मारता मारता त्याच्या बोटाची साल निघाली. लोखंड भिंतीला टेकवून ठेवल्यावर त्या जागी जे उघडं तोंड राहिलं त्याच्याकडे त्याला बघवेना. तलाव एकदम घरात आल्यासारखा वाटत होता. येतीन तवा माह्या हातात राहीन, असं बाबा म्हणाले होते. आता कोणाच्याच हातात काही नव्हतं.

रविवारी उजाडलं तेव्हा आई ओट्याच्या टोकाला पाण्यात उतरून बसली होती. नेहमीसारखी वर बसून पाय सोडून नव्हे. शेवटचा स्लीपर पाण्याखाली बुडालेला होता त्यावर, छातीएवढ्या पाण्यात. गौतमने वरून हाक मारली, थंडी आहे, दिवस मार्गशीर्षाचे, आज घरात कर म्हणून. तिने ऐकलंच नाही असं केलं. ऊन चढायला लागलं तसे लोक आले, इथल्या रीतीप्रमाणे एकामागे एक रांगेत, पुढे पुरुष, मागे बाया, सगळे गप्प. गौतमच्या अंगणातून, तुळस नसलेल्या, भिंतीवर बाबासाहेबांचं चित्र असलेल्या अंगणातून ती रांग आली आणि फाटकाच्या उघड्या तोंडाशी थांबली. डोकं भादरलेला अनंतराव सगळ्यांत पुढे होता. केस गेल्यावर तो हुबेहूब बाबारावांसारखा दिसत होता. त्याने मागे हात केला. दिवाकरने एक तांब्या पुढे केला आणि दोन बोटं बुडवून पायऱ्यांवर शिंपडायला सुरुवात केली. एक पायरी, दुसरी पायरी. लाल फुलीवरही थेंब पडले. गोमूत्र होतं ते. वास आला.

गौतम भिंतीला धरून उभा होता. शिंपडू नये असं कलम त्याला सुचलं नव्हतं. एवढा विचार करून लिहिलेला नियम, कुलूप लिहिलं, फाटक लिहिलं, उठवणं लिहिलं, आणि दोन बोटांनी शिंपडणं राहून गेलं. त्याला वाटलं धावत जावं, तांब्या हिसकावून तलावात भिरकावावा, दिवाकरच्या मुस्कटात द्यावी. खालून आईचा आवाज आला, अजिबात न चढवलेला. "सुतक तुमाले," ती म्हणाली, "अन् शिपडून राहिले माह्या पायऱ्या." रांगेत कोणीतरी हसलं. मागच्या बायांपैकी होती कोणी, तोंडाला पदर लावून. दिवाकरचा हात थांबला. त्याने तांब्या पाठीमागे नेला आणि तो कुठे ठेवावा हे त्याला कळेना.

"कांताबाई," अनंतराव म्हणाला, "जरा बाहेर या. आमचं होऊ द्या. मंग करा तुमी निवांत." कांताबाईने पाण्यात हात बुडवून खांद्यावर पाणी घेतलं. "माही आंघोय झाली नाही." "किती वेळ लागन?" "लागन." अनंतरावाने गौतमकडे पाहिलं. जन्मात पहिल्यांदा त्या घरातल्या कोणीतरी गौतमकडे असं पाहिलं असेल, काहीतरी हवं असलेलं. गौतमला त्याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. "उठवता येत नाही," तो म्हणाला. आवाज चिरकला म्हणून त्याने पुन्हा सांगितलं. "इथं आंघोय करनाऱ्या कोनालेही उठवता येत नाही. नियम आहे. तुमी तक्रार केली तोच." अनंतरावाच्या तोंडावरचं मांस हललं. ऊन वर येत होतं. पाठीमागे लोक पाय बदलत उभे होते. एक म्हातारा म्हणाला की दुसऱ्या तलावावर जाऊ, तर दुसरा म्हणाला, आता रांग मोडता येत नाही. तेवढ्यात मागून एक पाऱ्यातली बाई, साहूंच्या घरची, दुधाचा रतीब घालणारी, कंटाळून पुढे आली. घरी म्हशी ओरडत असतील, तिला कुठे वेळ होता. सगळ्यांना ओलांडून ती पायऱ्या उतरली, ओट्यावरून चालत गेली आणि कांताबाईच्या शेजारी पाण्यात पाय टाकून म्हणाली, "दाई, थोरिक घुच तो." कांताबाई सरकली. बाईने तिच्या बाजूला बसून नाक धरलं आणि सरळ बुडी मारली. मग आणखी दोघी उतरल्या, मग चौघी, आणि ओटा बायांनी भरला. पुरुष पायऱ्यांच्या बाजूने पाण्यात शिरले. काही जण नाही शिरले. ते गौतमच्या अंगणातून तसेच कोरडे परत गेले, आणि जाताना कोण कोण गेलं ते गौतमने पाहून ठेवलं.

अनंतराव सगळ्यांत शेवटी उतरला. त्याला उतरावंच लागणार होतं, बायको त्याची मेली होती. तो ओट्यावर आला नाही. पायऱ्यांवरून खाली जाऊन कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला, कांताबाईकडे पाठ करून. ती जिथे होती तिथून निघालेली लाट त्याच्या पोटावर जाऊन फुटत होती, आणि प्रत्येक लाटेला त्याचे खांदे आखडत होते. त्याने ओंजळ भरली. ओंजळीतल्या पाण्याकडे तो फार वेळ बघत राहिला. मग शांताबाईचं नाव घेऊन त्याने ती सोडली, डोळे मिटले आणि बुडाला. बाहेर आल्यावर तो रडत होता. तोंड ओलं असल्याने ते फक्त आवाजावरून कळलं. गौतमने स्वतःच्या मनात चाचपून पाहिलं. दया आली होती का? थोडी आली होती. तिने राग जागचा हलला नव्हता. दोन्ही एकाच घरात वेगवेगळ्या खोल्यांत राहणाऱ्या भावांसारखे होते, एकमेकांशी न बोलणारे. बरोबरीने पाण्यात उभं राहिलं म्हणजे काहीतरी निवळेल, असं त्याला नियम लिहिताना वाटलं होतं. काही निवळलं नाही. पाणी गढूळ झालं होतं तेवढं.

लोक ओल्या कपड्यांनी परत रांग करून निघाले. अनंतराव फाटकाच्या तोंडाशी आला तेव्हा क्षणभर गौतमच्या समोर थांबला आणि पुढे गेला. अंगणभर ओल्या पावलांचे ठसे पडले होते आणि ते उन्हात वाळत होते. तांब्या दिवाकर भिंतीवर विसरला होता. गौतमने तो उचलला, अंगणाबाहेर रस्त्यावर ठेवला आणि हात धुवायला पायऱ्या उतरला. तेव्हा कुठे त्याचं आईकडे लक्ष गेलं. ती अजून पाण्यातच होती. ओठ काळेनिळे पडले होते, दात वाजत होते. पाण्यावर धरलेली बोटं भिजून पांढरी झाली होती आणि ती बोटं आपली आपणच थरथरत होती. "माय!" तो ओट्यावर धावला. गुडघे टेकून त्याने तिच्या काखेत हात घातले. "मरनार आहेस काय? केव्हाची बसली! चाल, ऊठ." तिने त्याचे हात झटकले. तेवढी ताकद तिच्यात कुठून आली कोण जाणे. तिला तोंड वळवता येत नव्हतं, मान आखडली होती, म्हणून तिने पाण्याकडेच बघत विचारलं.

"गेले सगळे?"

"गेले."

"अनंता?"

"तोही गेला."

"माह्याआधी उठले?"

"हो माय. तुह्याआधी उठले."

"मंग उठव आता," कांताबाई म्हणाली, आणि तिने दोन्ही हात वर केले.